‘असंकेतक’ : एका नकारार्थी संज्ञेचा इतिहास आणि स्तनकर्करोगाचे संशोधन

आधुनिक जीवशास्त्राने आपल्या परिभाषेचा फार मोठा भाग भाषेच्या व्यवहारातून उचललेला आहे. पेशीच्या केंद्रकातील डीएनएवरून आरएनएची नक्कल तयार होते, तिला ‘प्रतिलेखन’ म्हणतात. त्या आरएनएच्या आधारे प्रथिन घडते, त्याला ‘भाषांतरण’ म्हणतात. डीएनएच्या चार घटकांना ‘अक्षरे’, आणि तीन-तीन अक्षरांच्या गटांचे प्रथिनाच्या घटकांशी असलेले नाते ठरविणाऱ्या नियमास ‘संकेत’ अशी नावे आहेत. ही सारी रूपके आहेत याचे स्मरण आता अभ्यासकांना क्वचितच होते. अशाच एका विसरलेल्या रूपकातून निघालेल्या नकारार्थी संज्ञेचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ती संज्ञा म्हणजे ‘दीर्घ असंकेतक आरएनए’, आणि ज्या रोगाच्या संदर्भात हा इतिहास येथे पाहावयाचा आहे तो स्त्रियांच्या स्तनांचा कर्करोग होय.

रोगाची निवड सहेतुक आहे. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना या रोगाचे निदान झाले व सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हे मृत्यू बहुधा स्तनातील मूळ गाठीमुळे घडत नाहीत; त्या गाठीतील पेशी अस्थी, यकृत, फुप्फुसे किंवा मेंदू येथे जाऊन वाढू लागतात, त्यामुळे घडतात. कोणती गाठ अशी पसरेल आणि कोणती आहे तेथेच राहील, हा वैद्यकापुढील जुना प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा काही अंश प्रथिन न घडविणाऱ्या आरएनएंत सापडेल काय, याचा शोध गेली पंचवीस वर्षे चालला आहे. अशा प्रसंगी एखाद्या द्रव्याला कोणते नाव पडले आणि त्या नावाने संशोधकाची दृष्टी कोठे वळली, हा प्रश्न कोशकाराच्या टेबलापुरता उरत नाही.

प्रथम मराठी पर्यायाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. ‘नॉन-कोडिंग’ या इंग्रजी विशेषणास ‘असांकेतिक’ असा प्रतिशब्द सहज सुचतो. पण ‘सांकेतिक’ म्हणजे संकेताने ठरलेले, रूढ, आणि त्याचा नकार भलत्याच अर्थाकडे जातो. येथे अभिप्रेत अर्थ ‘प्रथिनाचा संकेत न देणारे’ असा कर्तृवाचक आहे, म्हणून ‘असंकेतक’ हा शब्द मी वापरतो. ‘संकेत’ हा शब्द मात्र अगदी योग्य आहे. आपल्या नैयायिकांनी व आलंकारिकांनी शब्द आणि अर्थ यांच्यामधील मानलेल्या संबंधास हेच नाव दिले आहे, आणि तीन अक्षरांचा गट व प्रथिनाचा घटक यांचे नातेही बव्हंशी तसेच, म्हणजे दोघांच्या रूपावरून आपोआप न निघणारे आहे.

आता त्या शब्दाच्या आरंभीच्या ‘अ’विषयी. संस्कृत वैयाकरणांनी या नकाराचे, म्हणजे नञाचे, सहा अर्थ परंपरेने सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अनश्व’ म्हणजे घोडा सोडून दुसरा कोणी प्राणी. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर कृशोदरी. ‘अकाल’ म्हणजे काळाचा अभाव नव्हे, तर अप्रशस्त काळ. ‘अधर्म’ म्हणजे धर्माच्या उलट वागणूक. एकाच उपसर्गातून इतके निरनिराळे अर्थ निघतात आणि कोणता घ्यावयाचा हे प्रसंगावरून ठरते. इंग्रजीतील ‘नॉन’ दिसावयास साधा आहे; परंतु गेल्या साठ वर्षांत आरएनएच्या बाबतीत त्याने या सहांपैकी बहुतेक अर्थ धारण केले, आणि प्रत्येक वेळी संशोधनाची दिशा त्याबरोबर थोडी बदलली, असे मला दिसते.

इतिहासाचा आरंभ ‘संकेत’ या शब्दापासूनच करावा लागतो. एर्विन श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांत आनुवंशिक द्रव्याला संकेतलेखाची उपमा दिली. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी मळसूत्री रचना सांगितली, १९५४ मध्ये जॉर्ज गॅमो याने चार अक्षरांतून प्रथिनांचे वीस घटक कसे ठरत असतील याचे एक कोडे म्हणून विवरण केले, आणि १९५७ च्या व्याख्यानात क्रिक याने माहितीचा ओघ प्रथिनापर्यंत पोहोचल्यावर तेथून परत फिरत नाही हे सूत्र मांडले. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि माथेई यांनी पहिला ‘शब्द’ उलगडला. १९६६ पर्यंत सारा संकेत उलगडून झाला. मूळचे पंजाबचे हरगोबिंद खुराना यांचा त्या कामातील वाटा सर्वज्ञात आहे. त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या काळातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रथिनाचा संकेत न देणारे आरएनए तेव्हाही माहीत होते, आणि पेशीत त्यांचे प्रमाण दूत आरएनएपेक्षा कितीतरी अधिक असते हेही माहीत होते. प्रथिने जेथे घडतात त्या रायबोझोमची घडण मुख्यतः आरएनएची आहे. प्रथिनाचे घटक तेथवर वाहून आणणाऱ्या आरएनएचा शोध हॉगलंड आणि झामेक्निक यांनी त्याच दशकात लावला. परंतु त्यांना कोणी ‘असंकेतक’ म्हटले नाही. एकास त्याच्या स्थानावरून ‘रायबोझोमल’, दुसऱ्यास त्याच्या कामावरून ‘ट्रान्सफर’ अशी भावरूप नावे मिळाली. ज्याचे काम कळते त्याला त्या कामावरून नाव मिळते. नकारार्थी नावाचा धनी तोच होतो ज्याच्याविषयी, अपेक्षित काम हा करीत नाही, एवढेच आपणांस कळलेले असते.

आरएनए स्वतःच जनुकांचे नियमन करीत असेल, ही कल्पनाही नवी नव्हे. झाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात जनुकाला थोपवून धरणारे द्रव्य आरएनए असावे असाच तर्क केला होता. १९६६ मध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी ते द्रव्य प्रत्यक्ष वेगळे काढले तेव्हा ते प्रथिन निघाले. जिवाणूंच्या बाबतीत तर्क चुकला, तो चुकलाच. परंतु त्यानंतर उच्च प्राण्यांच्या बाबतीतही तो फारसा कोणी हाती घेतला नाही. ब्रिटन आणि डेव्हिडसन यांनी १९६९ मध्ये उच्च प्राण्यांतील जनुकांवर आरएनएचे नियंत्रण असावे असा विस्तृत सिद्धान्त मांडला. तो वाचला गेला, वाखाणला गेला आणि बाजूस राहिला. प्रयोगाची साधने अपुरी होती हे त्याचे एक कारण आहे, आणि ते मोठे कारण आहे. सारा दोष शब्दांवर टाकणे हे भाषाभ्यासकाचे व्यसन ठरेल.

तरीही १९७२ सालच्या एका शब्दाची नोंद घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. कॅलिफोर्नियात काम करणारे जपानी वंशाचे आनुवंशशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी त्या वर्षी मानवी डीएनएच्या फार मोठ्या भागास ‘जंक’ हे विशेषण लावले. त्यांचा युक्तिवाद उथळ नव्हता. सारा डीएनए जर कामाचा असता, तर प्रत्येक पिढीत होणाऱ्या उत्परिवर्तनांचा भार कोणत्याही जातीला पेलला नसता, असे त्यांचे गणित होते, आणि त्या गणिताला आजही सहजासहजी उत्तर देता येत नाही. सिडनी ब्रेनर यांनी पुढे १९९८ मध्ये इंग्रजीतील ‘जंक’ आणि ‘गार्बेज’ यांतील भेद दाखवून दिला : पहिले आपण ठेवून देतो, दुसरे टाकून देतो. मराठीत हा भेद ‘अडगळ’ आणि ‘केरकचरा’ या शब्दांनी नेमका व्यक्त होतो, आणि तरीही ‘जंक’साठी ‘टाकाऊ’ हा शब्द हाताशी येतो हे दुर्दैव होय. अडगळीच्या खोलीत जाणारा माणूस काही तरी सापडेल या आशेने जातो. उकिरड्याकडे तसा कोणी जात नाही. ‘असंकेतक’ या पदातील नकार, जो तोवर निव्वळ अभाव सांगत होता, तो या शब्दाच्या शेजाराने अप्राशस्त्य सांगू लागला.

यातील योगायोग असा की, याच ओहनो यांनी १९५९ मध्ये एक वेगळा शोध लावलेला होता. मादीच्या पेशींच्या केंद्रकात दिसणारा गडद ठिपका बार आणि बर्ट्राम यांनी १९४९ मध्ये प्रथम वर्णिला होता. तो ठिपका म्हणजे आकसून बसलेले एक सबंध एक्स गुणसूत्र आहे, हे ओहनो यांनी दाखविले. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी त्यावरून, मादीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय केलेले असते, हा सिद्धान्त बांधला. ते निष्क्रिय कोण करतो, याचे उत्तर १९९१ मध्ये मिळू लागले. ज्या गुणसूत्राला झोपवावयाचे त्याच गुणसूत्रावरून ‘झिस्ट’ नावाचा सुमारे १७ हजार अक्षरांचा आरएनए निघतो, केंद्रकाबाहेर जात नाही, कोणतेही प्रथिन घडवीत नाही, आणि त्या गुणसूत्रावर पसरून त्याला गप्प करतो. ज्या डीएनएला ओहनो यांनी पुढे अडगळीत जमा केले, त्यातील एका तुकड्याचे काम त्यांनीच तेरा वर्षे आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले होते. स्तनांच्या काही कर्करोगांत हा ठिपका नाहीसा झालेला असतो, हे निरीक्षणही विसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे आहे. ‘बीआरसीए-१’ हे जनुक १९९४ मध्ये सापडल्यावर त्याचा आणि झिस्टचा संबंध आहे असे २००२ मध्ये मांडले गेले. २००७ मध्ये त्यावर जोराचा आक्षेप आला आणि तो वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही.

झिस्टच्या आधीचा एक आरएनए म्हणजे ‘एच-१९’. उंदराच्या यकृतावर काम करीत असता शर्ली टिलमन यांच्या प्रयोगशाळेत तो १९८४ मध्ये हाती लागला. तो दूत आरएनएसारखाच घडतो, त्याच्यासारखीच त्याची काटछाट होते, तसेच शेपूट त्याला असते. अपेक्षा अर्थातच अशी की तो कोणत्या तरी प्रथिनाचा दूत असेल. प्रथिन सापडले नाही. अखेर १९९० मध्ये त्याच प्रयोगशाळेने, हा आरएनए स्वतःच आरएनए म्हणून काम करीत असावा, असे लिहिले. अशा आरएनएंना पुढे काही काळ ‘दूतसदृश’ असेही म्हटले जाई. नकाराचा ‘सादृश्य’ हा अर्थ तो हाच : घोडा नव्हे, पण घोड्यासारखा.

एच-१९ चा कर्करोगातील इतिहास पुढील सर्व इतिहासाची जणू पूर्वसूचनाच आहे. १९९३ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, हा आरएनए कर्करोगाच्या पेशींत घातला असता त्यांची वाढ खुंटते; म्हणजे हा रोगाचा निरोधक. १९९८ मध्ये फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी स्तनांच्या गाठी तपासल्या तेव्हा अनेक गाठींत तो निरोगी ऊतीपेक्षा जास्त आढळला, आणि त्याच गटाने २००२ मध्ये दाखविले की, स्तनाच्या पेशींत तो वाढविल्यास त्या अधिक रोगट होतात. म्हणजे हा रोगाचा साहाय्यक. एकच द्रव्य एका ऊतीत मित्र आणि दुसरीत शत्रू असू शकेल, यात तर्कदृष्ट्या विसंगती नाही. परंतु ज्याचे मूळ काम माहीत नाही त्याच्या बाबतीत या दोन विधानांचा मेळ घालावयास आधारच सापडत नाही, ही खरी अडचण होय.

१९९९ साली ह्यूस्टन येथील बर्ट ओमॅली यांच्या प्रयोगशाळेतून ‘एसआरए’ या आरएनएची वार्ता आली. स्तनकर्करोगाच्या दृष्टीने तिचे महत्त्व विशेष होते. या रोगाच्या सुमारे तीन-चतुर्थांश गाठी इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाच्या ग्राहकावर पोसल्या जातात, आणि टॅमॉक्सिफेनसारखी औषधे त्याच ग्राहकाला अडवितात. अशा ग्राहकांना साहाय्य करणारी प्रथिने शोधण्याचे काम चालू असता हा रेणू हाती आला. त्याचे प्रथिन काही केल्या बनेना. उलट, त्याच्यातील संकेत मुद्दाम बिघडवून टाकला तरी त्याचे साहाय्याचे काम चालूच राहिले. निष्कर्ष उघड होता : हा साहाय्यक आरएनएच आहे. त्याच सुमारास स्तनांच्या गाठींत तो वाढलेला असल्याचेही दिसून आले. मात्र पुढील चार-पाच वर्षांतच कॅनडातील विनिपेग येथील गटाने व अन्य काहींनी दाखवून दिले की, त्याच जनुकावरून थोड्या निराळ्या प्रती निघतात, त्यांचा आरंभ किंचित अलीकडे असतो, आणि त्यांपासून एक लहानसे प्रथिन खरोखर बनते. तेव्हा हा रेणू संकेतक म्हणावयाचा की असंकेतक? येथे वैयाकरणांची ‘अनुदरा’ आठवते. जिला पोट नाही म्हणतात तिला ते असते, केवळ थोडे असते. अलीकडच्या वर्षांत ‘असंकेतक’ म्हणून नोंदलेल्या आणखी काही आरएनएंपासून सूक्ष्म प्रथिने बनत असल्याचे आढळले आहे, आणि नकाराचा हा ‘अल्पता’ अर्थ आता चांगलाच रुळला आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संख्येनेच सारे चित्र पालटले. २००१ मध्ये मानवी डीएनएचा आराखडा प्रसिद्ध झाला. सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी प्रथिनांचा संकेत देणारी अक्षरे दीड टक्क्याच्या आसपासच भरली, आणि प्रथिने घडविणारी जनुके अखेर सुमारे २० हजारच निघाली. त्याच सुमारास जपानमधील रिकेन संस्थेच्या पुढाकाराने उंदराच्या आरएनएंच्या पूर्ण प्रती गोळा करण्यात आल्या. २००२ मध्ये अशा ६०,७७० प्रतींचे विवरण प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील पुष्कळ मोठा वाटा प्रथिनांचा संकेत न देणाऱ्यांचा निघाला. अपवाद म्हणून पाहिलेल्या एच-१९ आणि झिस्ट यांचा आता एक वर्गच उभा राहिला. त्या वर्गाला नाव हवे होते. भावरूप नाव देण्याइतकी त्यांच्या कामाची माहिती नव्हती, म्हणून लांबी आणि नकार यांवर काम भागविण्यात आले. दोनशे अक्षरांहून लांब तो ‘दीर्घ’. हा दोनशेचा आकडा कोठून आला? आरएनए शुद्ध करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत त्याहून आखूड रेणू निसटून जातात, तेथून. पात्राच्या तोंडाचा व्यास मोजून धान्याची जात ठरविण्यासारखाच हा प्रकार झाला. २०२३ च्या आरंभी या क्षेत्रातील पुष्कळ संशोधकांनी एकत्र येऊन काढलेल्या निवेदनात ही मर्यादा पाचशेवर न्यावी असे सुचविले आहे. नव्या आकड्यामागे निदान काही जीवशास्त्रीय विचार तरी आहे.

या वर्गातील ज्या आरएनएने स्तनकर्करोगाच्या संशोधनात खरी खळबळ उडविली त्याचे नाव ‘हॉटेअर’. हे लांबलचक इंग्रजी वर्णनाचे संक्षिप्त रूप आहे. परंतु इंग्रजीत ‘हॉट एअर’ म्हणजे वायफळ बडबड. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हा श्लेष असो वा नसो, ज्याला आजवर निरर्थक समजले त्याचेच नाव ‘वायफळ’ आणि तो तर मोठे काम करतो, असा उपरोध त्यात आपोआप साधला गेला. स्टॅनफर्ड येथे हॉवर्ड चँग यांच्या प्रयोगशाळेत जॉन रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो उजेडात आणला. सुमारे २,२०० अक्षरांचा हा आरएनए बाराव्या गुणसूत्रावर घडतो आणि दुसऱ्या गुणसूत्रावरील जनुकांना गप्प करतो, असे त्यांचे म्हणणे होते. झिस्ट स्वतःच्याच गुणसूत्रावर पसरतो. हा परगावी जाऊन अंमल गाजवितो. जनुकांना कुलूप लावणारा ‘पीआरसी-२’ नावाचा एक प्रथिनसमूह आहे. त्याला हाताशी धरून योग्य दाराशी नेऊन सोडणे हे हॉटेअरचे काम, अशी उपपत्ती मांडली गेली.

तीनच वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, राजनीश गुप्ता, चँग आणि सहकारी यांचा स्तनकर्करोगावरील निबंध आला. अन्यत्र पसरलेल्या गाठींत हॉटेअरचे प्रमाण निरोगी स्तनाच्या मानाने शेकडो पटींनी वाढलेले होते. १३२ प्राथमिक गाठी तपासता असे दिसले की, ज्या स्त्रियांच्या मूळ गाठीतच हॉटेअर जास्त होता त्यांच्यात रोग पुढे पसरण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक होते. प्रयोगशाळेतील पेशींत तो वाढविला की त्या आक्रमक होत, घटविला की निवत. तोवर असंकेतक आरएनए म्हणजे रोगाबरोबर वाढणारी एक खूण इतकेच मानले जाई. या निबंधाने त्याला रोगाचा कर्ता म्हणून उभे केले. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, जो अधिकरणात होता तो कर्त्याच्या जागी आला. यानंतर निबंधांचा पूर लोटला. अनेक असंकेतक आरएनए स्तनकर्करोगात ‘वाढलेले’ किंवा ‘घटलेले’ आढळले, आणि प्रत्येकाच्या आधारे निदानाची कसोटी सुचविण्यात आली. यांतील बहुसंख्य निबंधांत ‘वाढलेले आढळले’ यापासून ‘रोग घडवितो’ येथवरची उडी फार सहज मारलेली असते, असे म्हणणे भाग आहे.

खुद्द हॉटेअरची उपपत्तीही अबाधित राहिली नाही. उंदरांतून तो काढून टाकला असता काय होते याविषयी प्रयोगशाळांचे एकमत झाले नाही. २०१७ मध्ये पॅरिसच्या क्युरी संस्थेतील संशोधकांनी दाखविले की, हॉटेअर एखाद्या जनुकापाशी बांधून ठेवला तर ते जनुक गप्प होते खरे, पण पीआरसी-२ काढून टाकला तरीही होते. आणि स्तनकर्करोगाच्या पेशींत हॉटेअर वाढविल्याने जनुकांच्या व्यवहारात पडणारा फरक त्यांना अल्पच आढळला. रुग्णांतील निरीक्षण यामुळे खोटे ठरत नाही. परंतु कुलूप लावणाऱ्याला दाराशी नेणारा वाटाड्या, ही जी सुबोध गोष्ट सर्व पाठ्यपुस्तकांत गेली होती, तिचा पाया या प्रयोगाने हलला.

परंतु नावाने दृष्टी कशी बांधली जाते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘मॅलॅट-१’ हे होय. जर्मनीतील म्युन्स्टर येथे २००३ मध्ये फुप्फुसांच्या कर्करोगाचा अभ्यास चालू असता, पुढे ज्यांचा रोग पसरला अशा रुग्णांच्या गाठींत हा आठ हजारांहून अधिक अक्षरांचा आरएनए जास्त आढळला. त्यावरून त्याचे नाव पडले; त्या नावाचा विस्तार असा : फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रसाराशी संबद्ध असलेली पहिली प्रत. म्हणजे एका अवयवातील, एका रोगातील, एका रुग्णसमूहातील निरीक्षण हे त्याचे नामकरण झाले. वस्तुतः हा आरएनए जवळपास सर्व निरोगी पेशींतही मुबलक असतो. केंद्रकातील त्याच्या वैपुल्यावरून २००७ मध्ये त्याला दिलेले दुसरे, अधिक तटस्थ नावही उपलब्ध होते. ते मागे पडले. २०१२ मध्ये तीन निरनिराळ्या गटांनी हा आरएनए नसलेले उंदीर तयार केले, आणि ते धडधाकट निघाले.

२०१६ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील डेव्हिड स्पेक्टर यांच्या गटाने स्तनकर्करोग होणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या उंदरांत मॅलॅट-१ नाहीसा केला, तसेच त्याला बांधून नष्ट करणारे लहान कृत्रिम रेणूही टोचून पाहिले. गाठी सौम्य झाल्या, फुप्फुसांतील प्रसार घटला. नावाशी हे सुसंगतच होते. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील ली मा यांच्या गटाने तशाच रोगाच्या उंदरांत मॅलॅट-१ बंद पाडला, आणि फुप्फुसांतील प्रसार वाढला. आरएनए पुन्हा पुरविला तेव्हा तो कमी झाला. मानवी गाठींतही रोग पुढे जातो तसे मॅलॅट-१ चे प्रमाण उतरते असे त्यांना आढळले. मॅलॅट-१ हा प्रसाराला चालना देणाऱ्या एका प्रथिनगटाला बांधून निकामी करतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले आहेत. फरक कोठे आहे? पहिल्या गटाने डीएनएचा एक तुकडाच कापून काढला होता, आणि अशा तुकड्यात शेजारच्या जनुकांना लागणाऱ्या जागाही असू शकतात. दुसऱ्याने तुकडा जागच्या जागी ठेवून प्रतिलेखन थांबविणारी खूण मध्ये घातली. प्रथिनाच्या बाबतीत हा भेद इतका महत्त्वाचा ठरला नसता. आरएनएच्या बाबतीत मात्र काम आरएनए करतो, की त्याचे प्रतिलेखन होण्याची क्रिया करते, की त्या जागेचा डीएनए करतो, हे तीन प्रश्न वेगळे राखावे लागतात. कृत्रिम रेणूंच्या प्रयोगाचा उलगडा या भेदानेही पुरता होत नाही, आणि २०१८ नंतरही दोन्ही बाजूंचे निष्कर्ष प्रसिद्ध होत राहिले आहेत. हा वाद विद्वानांपुरता नाही. मॅलॅट-१ घटविणारे औषध ही गंभीरपणे विचारात घेतलेली कल्पना आहे. ज्या स्त्रीच्या शरीरात तो रोगाला अडवीत असेल, तिला ते औषध दिल्यास काय होईल हा प्रश्न कोणत्याही नावाच्या आधारे सोडविता येणार नाही.

याच कालखंडात ‘कार्य’ या शब्दावरूनही एक भांडण झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये ‘एन्कोड’ या मोठ्या प्रकल्पाने मानवी डीएनएचा ८० टक्के भाग कार्यशील आहे असे जाहीर केले. वृत्तपत्रांनी अडगळीच्या कल्पनेचा मृत्युलेख लिहिला. पुढच्याच वर्षी डॅन ग्राऊर आणि सहकाऱ्यांनी त्यावर अत्यंत झोंबरी टीका केली. प्रकल्पाने ‘कार्य’ म्हणजे तेथे काही रासायनिक घडामोड होते एवढेच घेतले होते. टीकाकारांच्या मते, ज्यासाठी निसर्गाने ती गोष्ट टिकविली ते कार्य. आपल्याकडे यासाठी ‘क्रिया’ आणि ‘प्रयोजन’ असे दोन शब्द आहेत. हृदय धडधडते तेव्हा आवाज होतो. आवाज ही क्रिया, रक्त खेळविणे हे प्रयोजन. असंकेतक आरएनएंपैकी बहुतेकांची क्रिया सिद्ध आहे, प्रयोजन फार थोड्यांचे. अप्राशस्त्याच्या टोकाकडून निघालेला लंबक प्राशस्त्याच्या टोकाकडे गेला, एवढाच त्या घोषणेचा अर्थ. माझ्या मते नञाचा ‘अन्यत्व’ हा अर्थच येथे सर्वांत सुरक्षित आहे : हे प्रथिनदूत नव्हेत, दुसरे काही आहेत, काय आहेत ते प्रत्येकाचे वेगळे पाहावे.

व्यवहारात पदरात काय पडले, याचा हिशेब थोडक्यात देता येतो. पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी ‘पीसीए-३’ या असंकेतक आरएनएवर आधारलेल्या मूत्रचाचणीस अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. तो आरएनए १९९९ मध्ये सापडलेला होता, म्हणजे मधे तेरा वर्षे गेली. स्तनकर्करोगात अशी कसोटी नित्याच्या उपचारात आलेली नाही. गाठ परत उद्भवेल काय याचा अंदाज करण्यासाठी आज जी २१ जनुकांची प्रसिद्ध चाचणी वापरली जाते, तिच्यातील जनुके प्रथिने घडविणारीच आहेत. हॉटेअरवरील निबंधाला आता पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

नामकरणाच्या बाबतीत मानवी जनुकांची नावे निश्चित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. ज्या दीर्घ असंकेतक आरएनएचे काम कळलेले नाही त्याला ‘लिंक’ या अक्षरांपुढे केवळ क्रमांक द्यावयाचा, आणि काम कळल्यावर नाव बदलावयाचे. आधी ठरलेली नावे मात्र बहुधा तशीच ठेवली जातात, कारण ती बदलल्यास जुने वाङ्मय शोधणे कठीण होते. त्यामुळे मॅलॅट-१ च्या नोंदीत ‘प्रसाराशी संबद्ध’ हे शब्द आजही आहेत, आणि तो प्रसाराला अडवितो असे सिद्ध करू पाहणाऱ्या निबंधाच्या लेखकांनाही प्रत्येक ओळीत त्याच नावाने त्याचा उल्लेख करावा लागतो.